सीताबर्डीचा किल्ला ते दीक्षाभूमी : युद्धाचा हिशेब

सीताबर्डीचा किल्ला आम्हा नागपूरकरांच्या रोजच्या नजरेतला. पण तो लष्कराच्या ताब्यात असल्याने आत जाता येते ते वर्षातून मोजक्याच दिवशी. 26 जानेवारी 2025 रोजी रविवार होता. झेंडावंदन आटोपून वस्तीतली आम्ही पाच-सहा कुटुंबे मुलाबाळांसह किल्ल्यावर गेलो. सोबत शेजारच्या मावशी होत्या. त्यांचे पती फौजेत होते, 1971 च्या लढाईत ते कामी आले.

वर गेल्यावर मुलांना तिथली लढाई सांगितली. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज याच टेकड्यांवर भिडली. कंपनी जिंकली. पण कंपनीकडून लढणारे बहुतेक शिपाई मद्रासकडचे, याच देशातले होते. एका मुलाने विचारले, "मग इंग्रज जिंकले, तर मेलेल्या शिपायांच्या घरच्यांना काय मिळालं?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

मनात दोन दिवसांपूर्वीची बातमी होती. 24 जानेवारीला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि 8 जणांच्या मृत्यूची बातमी आली. पुलगावच्या दारूगोळा भांडारात 31 मे 2016 च्या आगीत विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. तिथेच 20 नोव्हेंबर 2018 रोजी निकामी दारूगोळा नष्ट करताना 6 जण ठार झाले; त्यांत आसपासच्या गावांतले मजूरही होते. लढाई दूर सीमेवर होते असे आपण समजतो. पण दारूगोळा बनवताना, साठवताना आणि नष्ट करतानाही जीव जातो, आणि तो बहुधा गरिबाचाच.

फौजेला आम्ही नावे ठेवत नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी फौजेत होते, आणि त्यांच्या घरात शिक्षण आले ते फौजेच्या शाळेमुळे. आमच्या कितीतरी घरांच्या चुली फौजेच्या पगारावर पेटल्या. पण 1917 साली महायुद्धाची गरज म्हणून उभारलेली महार पलटण 1921 मध्ये मोडण्यात आली. गरज संपली, भरती संपली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली.

उतरताना मावशी म्हणाल्या, "खबर आली तेव्हा पोरगी दीड वर्षाची होती, भाऊ. तिनं बाप फोटोतच पाहिला." पेन्शनचे कागद पुरे होईपर्यंत त्यांनी विड्या वळून घर चालवले होते. तो हिशेब कोणत्याच सरकारी वहीत नाही.

तिथून पंचशील चौकावरून आम्ही दीक्षाभूमीकडे निघालो. चौकाला नावच पंचशील, आणि पहिले शील जीवहत्येपासून दूर राहण्याचे! 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लावली गेली, हे अशोकाने स्वतःच शिलालेखात कोरून ठेवले. जिंकलेल्या राजाने आपल्याच विजयाचा असा जमाखर्च मांडावा, ही साधी गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तोही रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी होऊ घातलेल्या युद्धाला विरोध करून. दोन्हीकडून माणसे निवडून तंटा मिटवा, असे तो शाक्य संघाला सांगतो.

आम्ही हिशेबाच्या कामातली माणसे, म्हणून आणखी एक आकडा आठवला. 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, देशाच्या 350 कोटींच्या वार्षिक महसुलातून सुमारे 180 कोटी लष्करावर खर्च होतात. म्हणजे रुपयातले 51 पैसे. जगात मित्र उरले नाहीत म्हणून हा भार पडला, असे त्यांचे म्हणणे होते. देशाचे रक्षण करावेच लागते. पण मित्र जोडले तर तोच पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळतो.

स्तूपासमोर मावशींनी एक मेणबत्ती पतीसाठी लावली आणि दुसरी भंडाऱ्याच्या कामगारांसाठी. मुलांनी त्रिशरण-पंचशील म्हटले.

आमची वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती आहे. पुढच्या रविवारी विहारात मुलांना रोहिणीच्या पाण्याची गोष्ट वाचून दाखवा. आणि कुठे युद्धाची हाक ऐकू आली, तर आपल्या वस्तीतल्या अशा एखाद्या मावशीला आधी विचारा.