हौशी आणि व्यावसायिक : मधले अंतर नेमके किती? (थ्रेड)

१/
नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावरून एक रेषा जाते. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तरांचे कार्यालय दुसऱ्या राज्यात. आणि एकाच बाकावर शेजारी बसलेले दोन प्रवासी दोन राज्यांचे. १ मे १९६० पूर्वी ही रेषा तेथे नव्हती. ती आधी कागदावर आखली गेली आणि मग फलाटावर उतरली.

२/
खेळांच्या जगातही अशीच एक रेषा आहे. तिच्या एका बाजूला हौशी, दुसऱ्या बाजूला व्यावसायिक. आज ही रेषा कौशल्याची मानली जाते: हौशी म्हणजे कच्चा, व्यावसायिक म्हणजे पक्का. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही रेषा प्रथम आखली गेली ती वर्गाच्या आधारे, आणि आपल्याकडे येताच तिला जातीचाही आधार मिळाला. कौशल्याचा अर्थ तिला फार उशिरा चिकटला.

३/
शब्दांपासून आरंभ करणे उचित ठरेल. ‘अमॅच्युअर’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. अर्थ, प्रेम करणारा. मराठीतील ‘हौस’ अरबी-फारसीतून आली. अर्थ, ओढ, इच्छा. दोन्ही शब्दांत कमीपणाचा लवलेश नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या ‘हौशी’ विभागातून पुढे आलेल्या नटांना कोणी कच्चे म्हणत नाही. मग खेळात या शब्दाचे काय झाले?

४/
एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हौशी हा मानाचा किताब होता. १८६० च्या दशकात तेथील अॅथलेटिक्सच्या नियमांनी हौशी धावपटूची जी व्याख्या केली, तिच्यातून कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर सरळ वगळले होते. कारण उघड होते. दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस शर्यतीत उतरला, तर उमरावांची मुले हरण्याचा धोका होता.

५/
क्रिकेटमध्ये ‘जंटलमन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’ हा सामना १८०६ मध्ये सुरू झाला आणि १९६२ पर्यंत चालला. जंटलमन म्हणजे हौशी, प्लेअर्स म्हणजे पैसे घेऊन खेळणारे. धावफलकावर हौशींची आद्याक्षरे नावाआधी छापली जात, व्यावसायिकांची नावानंतर. अनेक मैदानांवर दोघांची कपडे बदलण्याची जागाही निराळी असे. आणि कौशल्याच्या बाबतीत? एकूण सामन्यांत विजय अधिक मिळाले ते प्लेअर्सना.

६/
हीच व्यवस्था पुण्यात आली. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू हे पुण्यात इंग्रजांच्या क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी लावणे या कामांसाठी महिना चार रुपयांवर होते. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून रोज तासन्‌तास गोलंदाजी करवून घेई. ग्रेगला बाद केले की बाळूंना आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे.

७/
या व्यवहाराचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रेग हौशी, बाळू नोकर. परंतु सराव दोघांचाही होत होता, किंबहुना बाळूंचा अधिक. हजारो चेंडू एका उत्तम फलंदाजाला टाकल्याने त्यांची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. एकाच मैदानावर, एकाच माणसात, गोलंदाज जागतिक दर्जाचा घडला आणि फलंदाज घडलाच नाही. अंतर निर्माण कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

८/
१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला; बाळूंनी मात्र शंभराहून अधिक बळी घेतले. याच बाळूंना पुण्यात चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्या घरात आले ते १९२३ मध्ये, धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे.

९/
अमेरिकेतही एक समांतर कथा घडली. जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी समाजातील खेळाडू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. अपराध एवढाच, की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात किरकोळ पैशांवर तो बेसबॉल खेळला होता. तो १९५३ मध्ये वारला. पदकांच्या प्रतिकृती कुटुंबाला १९८३ मध्ये मिळाल्या, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते २०२२ मध्ये.

१०/
ही झाली पैशाची आणि प्रतिष्ठेची रेषा. आता कौशल्याची. दोहोंमधले अंतर प्रत्येक खेळात सारखे नसते, आणि सारखे दिसतही नाही. घड्याळाच्या खेळात ते उघडे पडते. प्रतिस्पर्ध्याच्या खेळात ते पहिल्या झटापटीतच कळते. चेंडूच्या खेळात मात्र ते बराच काळ झाकलेले राहते, म्हणूनच तेथे भ्रमही सर्वाधिक.

११/
प्रथम घड्याळ. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटर अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले आणि रौप्यपदक मिळवले. नियमित धावणारा चांगला हौशी धावपटू हेच अंतर तासाभरात पार करतो. म्हणजे कविता अंतिम रेषा ओलांडत असताना तो जेमतेम ५.३ किलोमीटरवर असेल.

१२/
आता वरच्या दिशेने पाहावे. या अंतराचा महिलांचा विश्वविक्रम केनियाच्या बिआट्रिस चेबेट यांच्या नावावर आहे: २८ मिनिटे ५४.१४ सेकंद, २०२४. त्या गतीपुढे कविता यांची ग्वांगझूमधील धाव ९०० मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्यांपेक्षा जास्त मागे पडते. हौशी आणि कविता यांच्यात पावणेपाच किलोमीटर. कविता आणि विश्वविक्रम यांच्यात एक किलोमीटरही नाही. शिखराजवळ अंतरे लहान होतात, पण तेवढी कापण्यासाठी आयुष्य खर्ची पडते.

१३/
नवापूर, नंदुरबार, साक्री या पट्ट्यातील तरुणांना ही गती आणखी एका मापाने समजेल. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, आणि पूर्ण गुणांसाठी वेळ असते सुमारे पाच मिनिटे दहा सेकंद. त्यासाठी महिनोन्‌महिने पहाटे रस्त्यावर घाम गाळला जातो. ग्वांगझूमध्ये कविता यांच्या सरासरी गतीने १६०० मीटर होतात पाच मिनिटे सहा सेकंदांत. आणि त्या गतीने त्या सव्वासहा वेळा न थांबता धावल्या.

१४/
दुसरा प्रकार प्रतिस्पर्ध्याचा. बुद्धिबळाने हे अंतर अंकांत बसवले आहे. दोन खेळाडूंच्या मानांकनात ४०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूला अकरा डावांत साधारण दहा गुण मिळतील, अशी त्या गणिताची मांडणी आहे. फरक ८०० चा झाला की हेच प्रमाण शंभरास एक होते. बुद्धिबळात पाऊस नाही, नाणेफेक नाही. नशिबाला शिरण्यास वाट अरुंद, म्हणून अंतर निखळ दिसते.

१५/
तिसरा प्रकार चेंडूचा. टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये चार षटकार मारणाऱ्याला वाटते की संधी मिळाली असती तर आपणही वरच्या दर्जाचे खेळलो असतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. तेवढ्यात पाहणे, ठरवणे आणि बॅट फिरवणे केवळ डोळ्यांच्या चपळाईने साधत नाही. व्यावसायिक फलंदाज चेंडू सुटण्याआधीच मनगट, खांदा, धाव यांवरून अंदाज बांधत असतो. हे वाचन लहानपणापासून खेळलेल्या हजारो चेंडूंतून येते. बाळू रोज ग्रेगला हेच तर शिकवत होते.

१६/
सांघिक खेळात हे अंतर जगाने १९९२ मध्ये बार्सिलोना येथे पाहिले. ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेने प्रथमच व्यावसायिक लीगचे अव्वल खेळाडू उतरवले. पहिल्या सामन्यात अंगोलाविरुद्ध गुणफलक होता ११६–४८. अंगोलाचा संघ त्या काळी आफ्रिका खंडाचा विजेता होता. एका खंडाचे विजेतेही या दरीच्या अलीकडेच उभे होते.

१७/
मग ही दरी ओलांडता येते का? खाशाबा जाधव यांचे उत्तर चार वर्षांचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत घडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पायाखाली मॅट होती आणि नियमही अपरिचित. तरीही ते सहावे आले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली. मधल्या काळात खाशाबांनी तोच सराव चालू ठेवला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१८/
या चार वर्षांत खाशाबांचे बळ किंवा बुद्धी बदलली नव्हती. बदलला तो पृष्ठभाग, नियमांचा परिचय आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा. परंतु हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग ते कर्ज फेडण्यासाठी ऑलिंपिक पदकविजेत्याने कुस्त्यांचे फड भरवले. पदक हौशी म्हणून मिळाले, कर्ज कुस्तीच्याच कमाईतून फिटले.

१९/
भिल्ल मुलखातील धनुर्विद्येचीही हीच साक्ष आहे. उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपत असे. १९८७ मध्ये सरकारी निवड चाचणीत तो निवडला गेला, आधुनिक धनुष्य हाती आले, आणि पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकमध्ये होता. त्यानंतर १९९२ आणि १९९६ अशी आणखी दोन ऑलिंपिके तो खेळला. नवापूर परिसरातील ज्या घरांत आजही तीरकामठा भिंतीला टांगलेला असतो, त्यांनी ही कथा ‘रक्तातच असते’ एवढ्यावर सोडू नये. त्याला नेमबाजीची सवय होती हे खरे. ती सवय ऑलिंपिकपर्यंत गेली ती प्रशिक्षण, साधने आणि रोजच्या बाणांच्या संख्येमुळे.

२०/
कबड्डीत ही रेषा आज डोळ्यांदेखत सरकत आहे. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे देशातील या खेळाच्या महासंघाच्या नावातच ‘अमॅच्युअर’ आले. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. गावातली कबड्डी मात्र अजून पुष्कळ ठिकाणी मातीवर आणि अनवाणी खेळली जाते. लीगची कबड्डी मॅटवर आणि बुटांवर. खाशाबांना लंडनमध्ये जी मॅट आडवी आली, तीच सात दशकांनंतरही खेड्यातल्या चढाईपटूच्या वाटेत अंथरलेली आहे.

२१/
या साऱ्या उदाहरणांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. कौशल्याचे अंतर खरे आहे. ते नाकारणे हा व्यावसायिकांच्या कष्टांचा अपमान ठरेल. ते खेळागणिक निराळे आहे. म्हणून एका खेळातील अनुभवावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. आणि ते बहुतांशी घडवलेले आहे: वेळ, पृष्ठभाग, साधने, तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि दोन वेळचे अन्न यांनी.

२२/
सावरपाड्याची कविता अनवाणी धावू लागली तेव्हा तिला हौशी म्हणण्याइतकी फुरसतही नव्हती; ती लांबून पाणी आणत होती. नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारखा प्रशिक्षक भेटला आणि रोजची धाव सराव झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुलात ट्रॅकवरील वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

२३/
नवापूर तालुक्यातील एखाद्या मुलीला जेव्हा सांगितले जाते की तिच्यात आणि ‘त्या’ खेळाडूंत फार अंतर आहे, तेव्हा ते विधान खरेच असते. पुढचा प्रश्न मात्र विचारला जात नाही: त्यातले किती तिच्या पायांत आहे आणि किती तिच्या शाळेच्या मैदानात? पायांतले अंतर तिने कापावे. मैदानातले कापण्यासाठी दर वेळी कोणा प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागू नये.