जोगजाचं मेण, घरची इस्त्री

इंडोनेशियातलं योग्यकर्ता, म्हणजे तिथल्यांचं लाडकं ‘जोगजा’. मालिओबोरो रस्त्यावर भटकून झालं की बेरिंगहार्जो बाजारात शिरा. बाटिकचे नुसते ढीग! पण खरी मजा वर्कशॉपमध्ये. ‘चांतिंग’ या तांब्याच्या चोचीच्या लेखणीतून वितळलेलं मेण कापडावर उतरतं. मेण लागलं तिथे रंग चढत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण निघालं की नक्षी उमलते. २००९ मध्ये युनेस्कोनेही या कलेला वारसा मानलं.

माझा मेणाचा थेंब नेमका भलतीकडे पडला. शिकवणाऱ्या बाई हसल्या आणि त्याभोवती पाकळ्या काढल्या. झालं फूल!

घरी आले, तर एक मैत्रीण आठवली. वर्षभर अबोला, चूक माझीच. मेसेज चारदा टाइप केला, चारदा पुसला. मग ठरवलं, कार्डच करू. बाटिकचंच, पण बिनमेणाचं!

तुम्हीही करून बघा. पांढऱ्या कार्डावर एम्बॉसिंगच्या शाईने रबरी शिक्का मारा. ओला असतानाच पारदर्शक एम्बॉसिंग पावडर भुरभुरवा, जास्तीची झटका. हीट गनने वितळवा. हेअर ड्रायरने पावडर उडते. वर स्पंजने डाय शाई फिरवा. वाळल्यावर साधा कागद ठेवून इस्त्री करा. वितळलेली पावडर तो कागद शोषून घेतो, कार्डावर पांढरी नक्षी उरते.

माझ्या कार्डावर शाईचा डाग पडलाच. फेकणार होते. मग त्याभोवती पाकळ्या काढल्या, आत ‘सॉरी’ लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

आता फोनकडे लक्ष आहे.