मोलीचे इस्पितळ

हमरापूर म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे याव्यात आणि शोभिवंत माशांची आठवण कोणासही होऊ नये, हे स्वाभाविकच आहे. परंतु ऐन पावसाळ्यात, घरोघरच्या कारखान्यांतून रंगकामाची घाई उडालेली असता, माझ्या दारी येणारे गृहस्थ पुष्कळदा हाती पाण्याची पिशवी आणि मुखी माशाची कैफियत घेऊन येतात. गेल्या श्रावणात शेजारचा एक मुलगा अशीच एक काळी मोली घेऊन आला. तिच्या शेपटीवर आणि कल्ल्यांच्या झाकणांवर रव्याएवढे पांढरे कण होते. पंख मिटून ती एका अंगावर कलत होती. ‘‘काका, बाबांच्या शाडूचे शिंतोडे उडालेत का हो?’’ असे त्याने विचारले, तेव्हा हसू आले खरे, पण उपमा अचूक होती.

हे ठिपके म्हणजे इक्थिओफ्थिरिअस नामक एकपेशीय परजीवी. 1876 साली फूके या अभ्यासकाने त्याला ‘मल्टिफिलिस’, म्हणजे बहुप्रसव, असे उपपद दिले, ते यथार्थच आहे. कारण माशाच्या कातडीखाली पोसलेला हा जीव गळून तळाशी गेला, की एकाचे शेकडो होऊन नव्या यजमानाच्या शोधात पोहू लागतात. कातडीखाली असेतो त्याला औषध पोहोचत नाही. त्याच्यावर अंमल चालतो तो या पोहण्याच्या अवस्थेतच. म्हणून ठिपके दिसेनासे होताच इलाज थांबवणे ही मोठी फसगत होय.

आरंभीच्या काळात मीही सगळ्या टाकीतच मिथिलीन ब्लू ओतीत असे. त्यायोगे गाळणीतले, माशांच्या मलमूत्रातील अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव खलास झाले, निरोगी मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागले, आणि काचेच्या जोडांतील सिलिकॉन जे निळे झाले ते आजतागायत तसेच आहे. तेव्हापासून रुग्णाची रवानगी निराळ्या पात्रात करण्याचा दस्तूर मी पाळतो.

त्यासाठी खर्चिक सरंजाम नको. 45 सेंटिमीटर लांब व 30 रुंद अशा पेटीत 25 सेंटिमीटर पाणी भरले, तर ते पावणेचौतीस लिटर होते. हा हिशेब आधी करावा, कारण औषधाची मात्रा पाण्यावर ठरते, माशाच्या दुःखावर नव्हे. काचेची पेटी नसेल तर धान्याचा पारदर्शक प्लॅस्टिक डबा चालतो. मात्र रंगाची बादली, कितीही घासलेली असली तरी, चालत नाही, आणि आमच्या गावात हा मोह फार. तळाशी वाळू नसावी. लपण्यास पीव्हीसी नळीचा तुकडा द्यावा. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी हवी, आणि तिचा स्पंज मोठ्या टाकीत महिनाभर आधीच मुरलेला असावा, नाहीतर रुग्ण रोगाने न मरता अमोनियाने मरतो. असा स्पंज हाताशी नसेल, तर रोज तिसरा हिस्सा पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. औषध चालू असता गाळणीत कोळसा ठेवू नये; तो औषधच शोषून घेतो.

मोलीला मी मीठच दिले. हा मासा खाऱ्या पाण्यास सरावतो. लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे साधारण 67 ग्रॅम, पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून घातले, आणि हीटरने पाणी 28 अंशांवर ठेवले. कोरीडोरस वा लोच असता तर हात आखडता घेतला असता. दुसऱ्या दिवशी मुलाने पाणी बदलून पुन्हा पुरे मीठ घालण्याची तयारी केली, तेव्हा त्याला एवढेच विचारले, ‘‘पेणच्या मिठागरात ऊन काय नेते नि काय ठेवते?’’ त्याने क्षणभर विचार करून काढलेल्या अकरा लिटरांपुरते 22 ग्रॅम मीठ मोजले.

मोठ्या टाकीचा मामला मात्र अवघड असतो. तळाशी परजीवी उरलेला असल्याने बाकीच्या माशांनाही बाहेर काढावे लागते, आणि ऊबदार पाण्यात ती टाकी दोन आठवडे मत्स्यरहित ठेवावी लागते. आमच्या मोलीने आठव्या दिवशी अन्नास तोंड लावले. तरीही मीठ पंधराव्या दिवसापर्यंत चालू ठेवले. पुढे पेटी धुऊन उन्हात वाळवली; तोवर बाहेर ढोलताशे वाजू लागले होते, आणि मुलाला पेटी परत न्यायला सवड नव्हती.