तगरचे कापड

तेरखेडा म्हटले म्हणजे लोकांस फटाके आठवतात. आम्हांस तेरणा आठवते. तिचा उगम याच परिसरातला. येथून निघालेली ही नदी पुढे तेर गावाजवळून वाहते, आणि ते तेर म्हणजेच प्राचीन तगर होय, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये सप्रमाण मांडले. तेरणेचे पाणी पिऊन वाढलेल्या आम्हांस ही गोष्ट प्रथम कळली ती घरी नव्हे, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एका इंग्रजी पुस्तकात! त्याची लाज अद्याप गेलेली नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' लिहिले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर आहे; तेथील साधे कापड व तलम मलमल गाड्यांतून बिकट वाटेने भडोचला उतरते, एवढेच तो सांगतो. विणकरांविषयी एक अक्षर नाही. माल कोणता व बंदर कोणते, याचे ते टाचण होय. परंतु असल्या माहितीच्या बळावर गलबते येत, आणि त्यांतून रोमचे सोने येई. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रारच आहे.

पुढे पंधराशे वर्षांनी, १५८३ मध्ये, लिन्शोटन नावाचा डच तरुण आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून गोव्यास आला. पाच वर्षे तेथे राहून त्याने पोर्तुगीजांचे जलमार्ग, वारे व व्यापार यांची माहिती जमविली. १५९६ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला; दोन वर्षांत तो इंग्रजीत उतरला. १६०० मध्ये इंग्रजांची व १६०२ मध्ये डचांची कंपनी उभी राहिली. एका पुस्तकाने कंपन्या निघत नाहीत, हे खरे. पण वाट ठाऊक झाल्यावाचून भांडवलही घराबाहेर पडत नाही. पहिल्या वृत्तांताचे वाचक तराजू घेऊन आले. दुसऱ्याच्या वाचकांनी तराजूबरोबर तोफही आणली.

तथापि केवळ परक्यांस दोष देऊन आमचे समाधान होत नाही. कार्ल्याच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत; म्हणजे पाहुणा आम्हांस परिचित होता. त्याच्या देशाची वाट, तेथील बाजार व भाव मात्र तगरच्या कोणी लिहून ठेविल्याचे आढळत नाही. आमचे कापड दूरदेशी गेले, आमची जिज्ञासा घरीच राहिली.

म्हणून परदेशी निघालेला विद्यार्थी निरोप घेण्यास आला, की आम्ही त्यास एवढेच सांगतो : बाबा, पैसे घरी धाडशीलच, जे पाहशील तेही लिहून धाड.