बॉल हत्तरगीला आहे

हॉकीची मॅच बघायची म्हणजे हल्ली ती कुठे दिसणार याचा शोध आधी लावावा लागतो. त्यासाठी मी एक वही केली आहे. आयुष्य बँकेत गेल्यामुळे कागदावर उभ्या रेघा मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. रकाने पाच : तारीख, आपली वेळ, कुणाशी, कुठलं चॅनेल, कुठलं ॲप. शेवटचे दोन रकाने पेन्सिलीने भरतो, कारण ते खोडावे लागतात.

बघा ना. २०२१ चं टोकियो ऑलिंपिक सोनीवर होतं. २०२३ चा भुवनेश्वर-राउरकेलाचा विश्वचषक स्टार स्पोर्ट्स आणि हॉटस्टारवर. २०२४ चं पॅरिस स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर. २०२५ चा राजगीरचा आशिया चषक परत सोनीवर. मधेच फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, तेव्हा वहीतली जुनी नावंसुद्धा कापावी लागली. क्रिकेटवाल्यांना यातलं काही माहीत नसतं. त्यांची मॅच पानपट्टीवरसुद्धा चालू असते.

खरं तर एकट्यासाठी मी एवढी उठाठेव केली नसती. वही आहे ती निपाणीच्या दादासाठी.

दादा म्हणजे माझा थोरला मावसभाऊ. वय ८३. जन्म गेला तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात. १९६४ साली तो शिकायला बेळगावात आमच्या घरी राहत होता आणि कॉलेजपेक्षा कॅम्पातल्या मैदानांच्या कडेला जास्त दिसायचा. त्या काळी बेळगावात हॉकीची हवाच वेगळी होती. आमच्या गावचे बंडू पाटील टोकियोला भारतीय संघात गेले होते. गोलात शंकर लक्ष्मण. ते मूळचे महूचे, पण मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि रेजिमेंटचं केंद्र बेळगावात, म्हणून तेही आमचेच. २३ ऑक्टोबरला फायनलमध्ये पाकिस्तानला १-० ने हरवलं, गोल मोहिंदर लालचा. मी १३ वर्षांचा होतो. आमच्याकडे रेडिओ नव्हता, शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभं राहून ऐकलं. दादा ऐकता ऐकता जमिनीवर चिंचोके मांडून कोण कुठे आहे ते मला दाखवत होता.

१९७५ ला मी नुकताच बँकेत लागलो होतो, पहिली नेमणूक निपाणीला, मुक्काम दादाकडेच. १५ मार्चला क्वालालंपूरची फायनल त्याच्या वखारीत ऐकली. जसदेव सिंगांचा आवाज. सुरजित सिंगने बरोबरी केली, अशोक कुमारने दुसरा गोल मारला, २-१. तंबाखूच्या ठसक्याने डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे कोण रडतंय ते कळायला मार्ग नव्हता.

सहा-सात वर्षांपूर्वी दादाच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. "माणूस समोर बसला की त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," असं तो सांगतो. घरात वावरतो, हाताने जेवतो. पण हॉकीचा बॉल धडधाकट डोळ्यांनासुद्धा सापडत नाही, तिथे त्याची काय कथा. २०२३ च्या विश्वचषकाला नातवाने मोठा टीव्ही लावून दिला. दादा दोन मॅच कान देऊन बसला, मग उठला. त्याची तक्रार रास्त होती. रेडिओवरचा माणूस बॉल कुणाकडे, कुठे, वेळ किती उरला, सगळं सांगायचा. टीव्हीवरचा म्हणतो, "वा, काय पास!" कुणी दिला, कुणाला दिला, काही नाही. तुम्हाला दिसतंयच की, असं तो धरून चालतो.

त्यानंतर दादाने हॉकी सोडली. "मला आता मॅचचं काय सांगू नकोस," असं स्पष्ट बजावलं. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला हांगझौला आशियाई सुवर्ण मिळालं, जपानला ५-१ ने हरवून. मी फोन केला तर "बरं" म्हणाला आणि पाऊस किती झाला ते विचारलं. ६० वर्षं ज्या माणसाबरोबर फक्त हॉकीवर बोललो, त्याच्याशी पावसावर किती बोलणार?

पॅरिसच्या वेळी ४ ऑगस्टला, रविवारी दुपारी, ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल चालू होती. मी मोबाइलवर बघत होतो आणि त्याच मोबाइलवर दादाचा फोन आला. "पोरं ओरडायलीत टीव्हीपुढं. काय झालं?" मी म्हटलं, अमित रोहिदासला लाल कार्ड, आता उरलेली सगळी मॅच दहा जणांनी खेळायची आहे. क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मग सांग की!"

बायकोच्या मोबाइलवर मॅच लावली आणि माझ्या मोबाइलवरून सांगायला लागलो. पाच मिनिटांत लक्षात आलं की हे जमत नाही. मी म्हणायचो, बॉल डावीकडे. तो विचारायचा, कुणाच्या डावीकडे? मी म्हणायचो, पुढे गेला. तो म्हणायचा, किती पुढे? शेवटी वैतागून म्हटलं, "दादा, आपला गोल निपाणी समज. त्यांचा गोल बेळगाव. हायवेने निघालोय आपण."

एकदम जमलं. आपला बचाव तवंदीच्या घाटात. आपली पंचवीस यार्डांची रेषा संकेश्वरला. मधली रेषा हत्तरगीला. त्यांच्या पंचवीस यार्डांवर काकती, आणि त्यांची डी म्हणजे किल्ला तलाव. निपाणीहून बेळगावला येताना उजव्या हाताला गडहिंग्लज, डाव्या हाताला गोकाक. म्हणजे उजव्या बगलेने चढाई झाली की "गडहिंग्लजकडून आला", डावीकडून झाली की "गोकाककडून". मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात तरी आपला रस्ता बदलत नाही, हा मोठाच फायदा. हा रस्ता दादाने वखारीच्या ट्रकमधून इतक्या वेळा केला आहे की त्याला डोळ्यांची गरज नाही. (बेळगाव परक्यांना देऊन टाकलंत, म्हणून बायकोने डोळे वटारले. मी म्हटलं, बेळगाव कुणाचं हा प्रश्न आपल्याला काय नवीन आहे?)

त्या दिवशी बॉल बहुतेक वेळ संकेश्वरच्या अलीकडेच होता. दहा जण घाट अडवून उभे होते. १-१ वर मॅच संपली आणि शूटआउट आलं. तिथे हायवे उपयोगाचा नव्हता, एकटा खेळाडू, एकटा गोलकीपर आणि आठ सेकंद. मी सांगणार, एवढ्यात फोनमधूनच निपाणीच्या पोरांचा जल्लोष ऐकू आला. माझ्याकडचा खेळाडू अजून रेषेवरच उभा. दादा हसायला लागला. "तुझी गाडी अजून काकतीलाच हाय, हितं गोल होऊन गेला!" आपल्या चारही जणांनी गोल केले, ४-२ ने जिंकलो, आणि प्रत्येक गोल मी दादाला शिळा सांगितला. त्याला त्याचं काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी तो मोठ्याने हसत होता.

मला मात्र ते लागून राहिलं. चौकशी केली. इंटरनेटवरून येणारं चित्र लहान लहान तुकड्यांत येतं, थोडे तुकडे आधी साठवले जातात आणि मग दिसायला लागतं, त्यामुळे ते बरेच सेकंद मागे राहतं. उपग्रहावरून छत्रीत पडणारं चित्र त्याच्या पुढे असतं. फोनवरचा आवाज जवळपास लगेच पोचतो. म्हणजे मी छत्रीवर बघायचं, दादाकडचा टीव्ही बंद ठेवायचा, आणि प्रेक्षकांचा आवाज त्याला माझ्या टीव्हीचा ऐकवायचा. ८ ऑगस्टला संध्याकाळी साडेपाचला स्पेनविरुद्ध कांस्यपदकाची मॅच अशीच सांगितली. हरमनप्रीतचे दोन गोल, २-१. शेवटच्या मिनिटाला स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा मी, "दादा, सगळे निपाणीत शिरलेत," एवढंच म्हणू शकलो. श्रीजेशची ती शेवटची मॅच.

यंदाचं काम मोठं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात विश्वचषक, बेल्जियममधल्या वाव्रला आणि नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलवेनला. तिथली घड्याळं तेव्हा आपल्या साडेतीन तास मागे. तिथे रात्री साडेआठला मॅच लागली तर आपल्याकडे बारा वाजणार. लगेच सप्टेंबरात जपानमध्ये आशियाई स्पर्धा, तिथली घड्याळं साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांची रात्रीची मॅच आपल्या दुपारच्या चहाला. त्यात आपले गणपती. तिथल्या सुवर्णावर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा थेट प्रवेश आहे, त्यामुळे आरतीची वेळ थोडी पुढे-मागे करण्याबद्दल घरात बोलणी चालू आहेत.

विश्वचषक श्रावणात येतो. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जोराची सर आली की छत्रीचं चित्र जातं, मग मोबाइलवर यायचं आणि दादाला सांगायचं, "आता गाडी मागे आहे." इन्व्हर्टरची बॅटरी नवीन घातली. दूरदर्शनची मोफतची छत्रीही बसवून घेतली. २००७ च्या कायद्याप्रमाणे सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने हक्क घेणाऱ्या कंपनीला प्रसार भारतीलाही द्यावे लागतात. पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतं, केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. घरात केबल असून डीडीवर मॅच का नाही, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझी तालीमही चालते. मॅचचा खेळ ६० मिनिटांचा, पण मधल्या सुट्ट्या आणि व्हिडिओ पंच धरून पावणेदोन तास बोलावं लागतं. घसा बसतो. गेल्या सप्टेंबरात हांगझौच्या महिला आशिया चषकावर सराव केला. फायनल चीनकडून १-४ ने गेली, पण आपल्या संघात साताऱ्याकडच्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ आहेत हे ऐकून दादा खूश. "आडनावं तरी ओळखीची ऐकू आली," म्हणाला. आता संघ जाहीर झाला की मी नंबरासह नावं वाचून दाखवतो आणि तो पाठ करतो. परवा मी मनप्रीतचा नंबर चुकतो का, हे बघायला त्यानेच माझी परीक्षा घेतली.

एक गोष्ट वहीत कुठल्या रकान्यात लिहावी ते कळत नव्हतं. दिवाळीनंतर दादाचा मुलगा त्याला आणि वहिनींना कायमचं पुण्याला नेणार आहे. नेणं बरोबरच आहे, दोघंच किती दिवस राहणार. परवा फोनवर मी म्हटलं, "दादा, पुण्याला गेलास की आपला रस्ता नवीन करावा लागेल. पुणे, सातारा, कराड..."

"कशाला? गोल निपाणीतच राहू दे," तो म्हणाला. "आणि हत्तरगीच्या अलीकडं जरा हळू सांगत जा. तिथं बॉल किती वेळा गेला, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."