ओळखीच्या फाइली

जव्हारहून वावरकडे शाळांचे संगणक नीट करायला निघालो की पिशवीत एक हार्ड डिस्क असते. त्या पट्ट्यात नेटचा भरवसा नाही, त्यामुळे लिनक्सची पॅकेजेस बरोबरच न्यावी लागतात. त्यांच्यासोबत यादीची एक छोटी फाइलही असते. माझ्या लेखी सगळ्यात मोलाची तीच. प्रत्येक पॅकेजच्या नावाआधी तिच्यात ६४ अक्षरांची रांग असते, त्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा.

फाइलच्या नावावर मी विसंबत नाही. नाव कोणीही बदलतो, तारीख बदलते, व्हायरस तर हमखास साळसूद नावानं येतो. हॅश मात्र फाइलच्या बाइट न् बाइटमधून निघतो. एक बिट इकडचा तिकडे झाला, तरी अख्खी रांग ओळखू येईनाशी होते.

काही रांगा पाहून पाहून पाठ झाल्यात. सुरुवातीला ‘ई३बी०सी४४२’ दिसलं की फाइल रिकामी. जगातल्या प्रत्येक शून्य बाइटच्या फाइलचा शा-२५६ हाच. कॉपी पुरी होण्याआधी पेनड्राइव्ह उपसला की अशा फाइली मागे राहतात. नावं निरनिराळी, समोर तीच रांग.

अमेरिकेची निस्ट ही संस्था माहितीतल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे हॅश गोळा करून ठेवते. तपास अधिकारी जप्त डिस्कवरच्या फाइली त्या संग्रहाशी ताडून ओळखीच्या बाजूला काढतात आणि उरलेल्या तपासतात. मीही तेच करतो, फक्त लहान प्रमाणावर. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीची पॅकेजेस इन्स्टॉल होताना आपल्या फाइलींच्या एमडी५ या दुसऱ्या प्रकारच्या हॅशची यादी ठेवून जातात. आपोआप बिघडलेली फाइल हुडकायला ती पुरते. मुद्दाम केलेली लबाडी तिच्यानं पकडली जाईलच असं नाही. फाइल बदलणारा त्याच डिस्कवरची यादीही बदलेल. साइटचाही असाच भरवसा नाही: फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंट या आवृत्तीच्या साइटवर घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंकच खोट्या प्रतीकडे वळवली गेली. म्हणून आधी यादीवरची डिजिटल सही तपासायची, मग यादी वापरायची. हा क्रम मी कधीच मोडत नाही.

यादीशी न जुळलेली प्रत्येक फाइल वाईट, असं मात्र अजिबात नाही. सरांनी वारलीत टाइप केलेली गोष्ट, मुलांची चित्रं, हजेरीचा तक्ता यांचे हॅश कुठल्या यादीत सापडणार? ओळखीचं सगळं बाजूला सारलं की शाळेचं स्वतःचं असं हेच उरतं. ते सरांना एकेक उघडून दाखवतो, ठेवायचं ते विचारतो, त्याची प्रत काढतो. प्रतीचा हॅश मूळ फाइलशी जुळला, की मगच फॉरमॅट.