चांदीचा बोकड

चि. ऋतुजा हिस,


मोबाइलवरचा तुझा मजकूर वाचला, फोटोही पाहिले. उत्तर कागदावर लिहितोय, कारण त्या काचेवर बोट घासत मला नीट रागावता येत नाही. तू विचारलंस एवढंच की गोठ्याला माडी करावी का, आणि करायची तर फळ्या लाकडाच्या घालाव्यात की प्लास्टिकच्या. सांगतो. पण मजकुराच्या शेपटाला तू सहज एक वाक्य टाकलं होतंस, त्यानं माझी दुपारची झोप गेली. 'चांदी शेळीचा बोकड ईदला ३१,००० ला गेला, आता बांडी शेळीचा ठेवलाय, तो चालेल.'

चालेल? कुणाला चालेल?

अगं, ईदला घेणारा माणूस जनावर कसं पाहतो ते तू पाहिलंस ना? जबडा उघडून दात बघतो, कान उलटा करून बघतो, चार पावलं चालवतो, पाठीवरून हात फिरवतो. कुर्बानीचं जनावर वर्षाचं पुरं लागतं. लंगडं, काणं, रोगट चालत नाही. म्हणून तो दोनदाती, निकोप, सगळ्यांत भरलेला बोकड निवडतो. त्याचं काहीच चुकत नाही. तो रोख मोजतो आणि आपल्यापेक्षा चांगलं पारखतो. चुकतं आपलं. बोकड दोनदाती झाला की पैदाशीच्या कामाला खरा लायक होतो, आणि नेमका तेव्हाच आपण तो टेम्पोत चढवतो. मग वर्षभर शेळ्या गाभण कुणाकडून राहायच्या? जो व्यापाऱ्यानं नको म्हणून मागं ठेवला त्याच्याकडून. पशुसंवर्धन खात्यात होतो तेव्हा गावोगाव हेच बघितलं. लोक म्हणायचे, डॉक्टर, आमच्या शेळ्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, वैरणीत कस राहिला नाही. वैरणीला कशाला नावं ठेवता? दरवर्षी पहिला नंबर विकायचा आणि नापासाला घरी ठेवायचं, तर पुढची पिढी काय आभाळातून पडणार?

हिशेब तुला आवडतो म्हणून हिशेब मांडतो. चांगली उस्मानाबादी शेळी दोन वर्षांत तीनदा व्याली, जुळी दिली, तरी पाच-सहा करडं. पण वीस-पंचवीस शेळ्यांत सोडलेल्या बोकडाची वर्षाला चाळीस करडं सहज होतात. चांदीच्या बोकडामुळं विकायच्या वेळी करडामागं दोन किलो वजन जास्त भरलं असतं असं धर. ऐंशी किलो झाले. जिवंत वजनाला किलोमागं ४०० धरले तर ३२,०००. एका वर्षाचे. शिवाय दोन वर्षं वापरून तो विकता आला असताच, आणि तेव्हा आणखी भरलेला असता. ३१,००० च्या नोटा तुला दिसल्या, हे ३२,००० दिसले नाहीत.

आता त्या बांडीच्या पिल्लाचं. फोटो मोठा करून बघितला. त्याला शिंगं नाहीत. तुझ्या कळपातल्या निम्म्या शेळ्याही भुंड्या आहेत, माझी आठवण बरोबर असेल तर. भुंडा बोकड भुंड्या शेळ्यांना दिला की काही करडं ना नर ना मादी अशी निपजतात. वरून पाटीसारखी दिसतात, पण गाभण कधी राहत नाहीत. लोक देवाला बोल लावतात. आणि दुसरं, तुझ्या सगळ्या पाटी ज्या जुन्या बोकडाच्या, त्याच बोकडाचा हा. म्हणजे बापाकडून सगळ्या त्याच्या बहिणी. चांदी आपल्याकडे आली ती गाभण आली होती, म्हणून तिच्या बोकडाचं रक्त बाहेरचं होतं. तुझ्या गोठ्यातला तेवढा एकच नर कामाचा होता. असो. असो म्हणतो खरा, पण राग जात नाही.

बांडीच्या आचळाकडं कधी बघितलंस का? एका बाजूला सड लहान, दूध एका करडालाच अपुरं. अक्काच तिच्या पिल्लाला बाटली लावायची, ते मी स्वतः पाहिलंय. बोकड दूध देत नाही म्हणून त्याच्या आईचं दूध बघायचं नाही, ही समजूत कुठून आली कोण जाणे. त्याच्या मुलींच्या कासेत उतरतं ते त्याच्या आईचंच.

निवडीनं काय होतं ते बघायचं तर एकदा फलटणला जाऊन ये. आपली दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. सुंदरबनातली ठेंगणी गरोळ मेंढी मात्र जुळी, तिळी देते, आणि त्यामागं एक ठरावीक जनुक आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेतल्या लोकांनी तो जनुक दख्खनीत आणला. वर्षानुवर्षं संकर केले, रक्त तपासून नर निवडले, मेंढपाळांच्या वाड्यात नोंदी ठेवल्या, तेव्हा कुठं 'नारी सुवर्णा' उभी राहिली. जादू कसली नाही त्यात. कुठला नर ठेवायचा आणि कुठला नाही, हे वहीत बघून ठरवलं, व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघून नाही. उस्मानाबादी शेळीवरही तिथं शेतकऱ्यांच्या दारात जाऊन असंच काम चालतं, आणि संगमनेरीवर राहुरीच्या विद्यापीठात.

तुझी वही कुठाय? मी दिवाळीत दिलेली, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात दुधाचा हिशेब लिहितेस म्हणे. करडू जन्मलं की तारीख, आई, बाप, एकटं की जुळं, जन्माचं वजन, तिसऱ्या महिन्याचं वजन. बस, एवढंच. हुकाचा काटा बाजारात स्वस्त मिळतो, पोत्याच्या झोळीत करडू घालून तोलायचं. आणि तीन महिने झाले की नर करडं वेगळी काढ. चौथ्या-पाचव्या महिन्यात ती माजलेल्या शेळीवर चढायला लागतात, मग बाप कोण हे सांगायला ब्रह्मदेव यायला हवा.

बोकडाच्या त्या पैशात बोअर जातीचं पिल्लू घेणार म्हणतेस, ते वाचून पोटात गोळा आला. बोअर वाईट नाही. दक्षिण आफ्रिकेत मांसासाठीच घडवलेली जात, नर शंभर किलोच्या पुढं जातो, संकराची करडं झपाट्यानं वाढतात. पण ते वाढणं खुराकावर आहे, माळावरच्या बाभळीच्या शेंगांवर नाही. आणि तू व्हिडिओत जे भाव बघतेस ते खाटकाचे नाहीत, एका हौशी पाळणाऱ्यानं दुसऱ्याला लावलेले आहेत. घेणारा नवा हौशी मिळेतो भाव टिकतो. तो संपला की जनावर किलोच्या भावावर येतं. दाजींना विचार, इमू पाळून असेच फसले ते. नको, विचारू नकोस, इमूचं नाव काढलं की अजून त्यांचं जेवण जात नाही.

आणि तुझा तो दुसरा बेत: शंभर शेळ्या, पाच बोकड, राष्ट्रीय पशुधन अभियानाचं निम्मं अनुदान, दहा लाखांपर्यंत. योजना खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण शंभर शेळ्या तू आणणार कुठून? चार बाजारांतून, आठवड्याभरात. त्यातली एक पीपीआरचा रोग घेऊन आली की नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण, आणि पंधरा दिवसांत निम्मा गोठा रिकामा. कर्ज मात्र तसंच उभं. मी असे गोठे पाहिलेत. माणूस दारात बसून राहतो, बोलत नाही. तू बावीस वर्षांची आहेस, बाई. आहेत त्या सतरांच्या पाटी वाढव, बाहेरून काही आणलंस तर तीन आठवडे वेगळं बांध, लस टोचून घे. पीपीआरची एक लस तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची दरवर्षी पावसाआधी. झाली का यंदा? मजकुरात त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि इकडं दोन पाऊस होऊनही गेले. कोवळं गवत अधाशीपणानं खाल्लेलं धडधाकट करडूच आधी जातं. रात्री चांगलं असतं आणि सकाळी पाय ताणून पडलेलं सापडतं. डोळ्याची खालची पापणीही ओढून बघत जा. आत लाल-गुलाबी हवी. पांढरी दिसली तर पोटात जंत रक्त पितायत.

हां, माडी. करू नकोस. कोकणात पाऊस धो धो कोसळतो, जमीन महिनोन्‌महिने ओली राहते, तिथं ती हवीच. आपल्या तुळजापूरच्या मुरमाला कशाला? पूर्व-पश्चिम लांब छप्पर, जुने पत्रे चालतील, शेळीमागं दहा-बारा चौरस फूट सावली आणि त्याच्या दुप्पट मोकळं अंगण. खाली मुरूम, आठवड्याला चुना. गव्हाण तेवढी उंच कर म्हणजे वैरण पायाखाली जाणार नाही. वाचलेल्या पैशातून बांधाला शेवरी आणि सुबाभूळ लाव, याच पावसात.

अक्काला म्हणावं, गुडघ्याला ते तेल चोळून उपयोग नाही, सोलापूरला दाखवून ये. ऐकणार नाही, पण म्हण.

आता ताबडतोब करायचं ते. शेळी अठरा ते एकवीस दिवसांनी माजावर येते, म्हणजे चांदी या तीन आठवड्यांत येईलच. त्या बांड्याला आजच वेगळा बांध, वाढव, आणि पुढच्या वर्षी खुशाल वीक. चांदीला त्याच्याजवळ जाऊ देऊ नकोस. वरच्या वस्तीवरच्या धनगरांकडं एक काळा शिंगाळा बोकड आहे, त्याच्या आईनं तीन वेतं जुळी दिलीत आणि करडं पाजून वर लिटरभर दूध देते. मी फोनवर बोलून ठेवलंय. चांदी दावणीला ओरडायला लागली, शेपूट हलवायला लागली की बारा तासांनी तिला तिकडं ने, आणि तारीख वहीत लिही. पाच महिन्यांनी नर झाला तर कितीही भाव येवो, मला विचारल्याशिवाय विकायचा नाही.

तुझा मामा